दिलेल्या शब्दाला जागणारे क्लास

लिस्कोव्ह तत्त्वाच्या पंधरा चटकदार गोष्टी

पॅरेंट क्लासच्या जागी त्याचा कुठलाही सबक्लास बसवा. वापरणाऱ्या कोडचं काहीही बिघडता कामा नये. लिस्कोव्ह तत्त्व म्हणतात ते हेच. मुलाखतीला जाणारी पोरं ही ओळ तोंडपाठ करून जातात आणि नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात मोडतात. कारण ओळ सोपी असली तरी तिच्यातली मेख खोल आहे. सबक्लास 'कशाचा प्रकार आहे' हा प्रश्न दुय्यम. पॅरेंटने वापरणाऱ्याला काय शब्द दिलाय आणि सबक्लास तो पाळतोय का, हा खरा प्रश्न. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे बग लिहिण्याआधीच दिसायला लागतात. म्हणून ही सफर, टोलनाक्यापासून अग्निबाणापर्यंत.

१. सुरुवात टोलनाक्यावर

ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर सिम्युला ही भाषा घडवत होते. रांगा, वाहतूक, कारखाने यांचे व्यवहार संगणकावर उभे करायचे, हा तिचा उद्देश. त्यांच्यासमोर एक उदाहरण होतं: पुलावरचा टोलनाका, रांगेत ट्रक आणि बस. दोन्ही वाहनांचं वागणं वेगळं, पण रांगेत उभं राहायची रीत एकच. मग ही सामायिक रीत एकदाच लिहून दोघांनाही चिकटवता येईल का? त्या विचारातून सिम्युला ६७ मध्ये सबक्लास अवतरला. आज जगभर ज्या इनहेरिटन्सवर कोडचे डोलारे उभे आहेत, त्याचा जन्म असा वाहनांच्या रांगेत झाला. या कामासाठी दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

२. जिच्या नावाने तत्त्व, तिच्या भाषेत इनहेरिटन्सच नव्हतं!

बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये आपल्या विद्यार्थ्यांसोबत 'क्लू' ही भाषा बनवली. इटरेटर, एक्सेप्शन हाताळण्याची शिस्तशीर पद्धत, टाइप-पॅरामीटर अशा कितीतरी गोष्टी त्या भाषेत होत्या. इनहेरिटन्स मात्र नव्हतं. १९८७ मध्ये ऑर्लँडोच्या ऊप्सला परिषदेत बीजभाषण द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी इनहेरिटन्सवरचं लिखाण वाचून काढलं. त्यांच्या लक्षात आलं की लोक एकाच साधनाने दोन निराळी कामं उरकताहेत. कुणी तयार कोड फुकटात मिळावा म्हणून इनहेरिट करतंय, कुणी खरोखरच एका प्रकाराचा उपप्रकार सांगतंय. दुसऱ्या कामाचा निकष काय असावा, हे त्यांनी त्या भाषणात मांडलं. गुंत्याच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसालाच तो स्वच्छ दिसला.

३. प्रिन्स्टनचं दार बंद, ट्युरिंगचं उघडं

लिस्कोव्ह यांनी १९६१ मध्ये बर्कलीहून गणिताची पदवी घेतली. प्रिन्स्टनमध्ये त्या काळी पदव्युत्तर गणिताला बायकांना प्रवेशच नव्हता. पुढे स्टॅनफर्डला जॉन मॅकार्थी यांच्या हाताखाली, बुद्धिबळातल्या शेवटच्या टप्प्याचे डाव खेळणाऱ्या प्रोग्रॅमवर प्रबंध लिहून त्यांनी १९६८ मध्ये पीएचडी मिळवली. २००८ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना जाहीर झालं तेव्हा त्या हा मान मिळवणाऱ्या दुसऱ्याच महिला होत्या. पहिल्या फ्रान्सिस ॲलन. त्या वेळचा किस्सा लिस्कोव्ह स्वतः सांगतात. त्यांच्या यजमानांना इंटरनेटवर कुणाची तरी शेरेबाजी दिसली: हे तर सगळ्यांनाच माहीत आहे, मग पारितोषिक कशाबद्दल? एखादी कल्पना इतकी अंगवळणी पडावी की ती कुणीतरी पहिल्यांदा मांडली होती हेच लोकांनी विसरावं, याहून मोठी पावती कुठली?

४. बारसं परस्परच झालं

'लिस्कोव्ह तत्त्व' हे नाव लिस्कोव्ह यांनी दिलेलं नाही. नव्वदीच्या दशकात त्यांना अचानक एक ईमेल आला. लिस्कोव्ह सब्स्टिट्यूशन प्रिन्सिपलचा अमुक अर्थ बरोबर आहे का, असं पाठवणाऱ्याने विचारलं होतं. आपल्या नावाचं तत्त्व लोकांच्या चर्चेत रुळलंय, हे त्यांना तेव्हा कळलं! १९९६ मध्ये रॉबर्ट मार्टिन यांनी 'सी++ रिपोर्ट' मासिकात त्यावर लेख लिहिला आणि ते घराघरात पोचलं. पुढे मायकेल फेदर्स यांनी क्लास-रचनेच्या पाच तत्त्वांची आद्याक्षरं जुळवून 'सॉलिड' हा शब्द केला. त्यातला 'एल' तो हाच. आज पायथनचं मायपाय हे तपासनीस टूल चुकीची ओव्हरराइड दिसली की स्क्रीनवर चक्क लिहितं: हे लिस्कोव्ह तत्त्वाचं उल्लंघन आहे. एररच्या मजकुरात स्वतःचं नाव येणारे शास्त्रज्ञ किती असतील!

५. नियम चार, बदली गाडी एक

१९९४ मध्ये लिस्कोव्ह आणि जनेट विंग यांनी हे सगळं काटेकोर गणिती भाषेत बसवलं. त्याचं सार एसटीच्या बदली गाडीत सापडतं. गाडी वाटेत बंद पडली, मागून दुसरी आली. तिने जुनंच तिकीट मानलं पाहिजे, वर पैसे मागायचे नाहीत. म्हणजे मेथडने आत घेण्याच्या अटी वाढवायच्या नाहीत. ठरल्या गावाला पोचवलंच पाहिजे, अलीकडच्या फाट्यावर उतरवून चालणार नाही. म्हणजे परत देण्याचं वचन कमी करायचं नाही. आसनं मऊ असली, गाडी लवकर पोचली तर उत्तमच. जास्त द्यायला कुणाची हरकत नाही. तिसरा नियम असा की पॅरेंटबद्दल जे कायम खरं असतं ते सबक्लासमध्येही खरंच राहायला हवं. आणि चौथा, ज्याचा सगळ्यांना विसर पडतो: पॅरेंटमध्ये एकदा ठरलेली गोष्ट पुढे बदलत नसेल, तर सबक्लासनेही ती बदलायची सोय द्यायची नाही. अचल बिंदूचा चालता-फिरता सबक्लास बाद, तो या चौथ्या नियमामुळे.

६. चौरसाची फजिती

शाळेत शिकलो, प्रत्येक चौरस हा आयत असतो. मग आयताच्या क्लासवरून चौरसाचा सबक्लास करायला काय हरकत आहे? करून बघू. आयताला रुंदी आणि उंची ठरवण्याच्या दोन मेथड आहेत. चौरसाच्या चारी बाजू सारख्या, म्हणून त्यात एक बदलली की दुसरीही बदलते. आता कुणाचा तरी जुना कोड येतो, हातातल्या आयताची रुंदी ५ करतो, मग उंची ४ करतो आणि क्षेत्रफळ विचारतो. अपेक्षा २० ची. हातात चौरस असेल तर उत्तर येतं १६. कोड लिहिणाऱ्याची काही चूक नाही. उंची बदलली म्हणून रुंदी हलणार नाही, हा शब्द आयतानेच त्याला दिला होता. मौज पुढेच आहे. त्या दोन मेथड काढून टाका, आकृती एकदा बनली की बदलूच देऊ नका, आणि चौरस पुन्हा निर्दोष आयत होतो! भूमिती खोटी नव्हती. भूमितीतला आयत बदलत नाही, कोडमधला बदलत होता, एवढाच फरक.

७. स्टॅकचं चुकलेलं घराणं

स्टॅकचा धर्म एकच: शेवटी ठेवलेलं आधी निघणार. जावात मात्र पहिल्या आवृत्तीपासून स्टॅक हा व्हेक्टरचा सबक्लास आहे. व्हेक्टरमध्ये हव्या त्या जागी घुसवता येतं, मधूनच काढता येतं. मग ते सगळं स्टॅकवरही चालतं! थाळ्यांच्या चळतीत मधली थाळी ओढायची मुभा स्वतः भाषेनेच दिली. आज जावाचं अधिकृत दस्तऐवज सांगतं की याऐवजी डेक वापरा. लिस्कोव्ह आणि विंग यांच्या १९९४ च्या लेखात स्टॅकला वेगळाच पॅरेंट मिळतो: बॅग. बॅग म्हणते, 'मागशील तेव्हा आतली कुठलीतरी एक वस्तू देईन.' स्टॅक म्हणतो, 'शेवटची देईन.' शेवटची वस्तू ही 'कुठलीतरी एक' असतेच, त्यामुळे पॅरेंटचा शब्द मोडत नाही, उलट पक्का होतो. असा पॅरेंट शोधायला हवा.

८. कबुलीजबाब, तोही अधिकृत

जावाचा टाइमस्टॅम्प हा डेटचा सबक्लास. एकाच क्षणाची डेट आणि टाइमस्टॅम्प घ्या. डेटला विचारा, 'हा तुझ्याइतकाच आहे का?' ती म्हणते हो. टाइमस्टॅम्पला तेच विचारा, तो म्हणतो नाही. अ बरोबर ब, पण ब बरोबर अ नाही! अशी जोडगोळी एकाच यादीत मिसळली की शोधाशोधीचे निकाल भरवशाचे राहत नाहीत. जावाच्या दस्तऐवजात याची उघड कबुली आहे: हे नातं केवळ आतला कोड वापरण्यापुरतं आहे, प्रकाराचं नातं समजू नका. १९८७ मध्ये लिस्कोव्ह यांनी ज्या दोन कामांची गल्लत दाखवली होती, तीच इथे अधिकृत कागदावर उतरली. प्रॉपर्टीजचीही तीच गत. तिच्यात फक्त स्ट्रिंग ठेवायच्या असतात, पण ती हॅशटेबलची सबक्लास असल्याने काहीही कोंबता येतं, आणि फाइलमध्ये साठवायची वेळ आली की सगळं कोसळतं.

९. तीन टाकले, सहा मोजले

जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा' पुस्तकातलं हे उदाहरण प्रत्येकाने एकदा स्वतः चालवून बघावं. हॅशसेटचा सबक्लास करा आणि त्यात किती वस्तू टाकल्या याची मोजणी ठेवा. एक वस्तू टाकणाऱ्या मेथडमध्ये एक वाढवा. अनेक एकदम टाकणाऱ्या मेथडमध्ये जितक्या वस्तू तितके वाढवा. मग तीन वस्तू एकदम टाका. मोजणी दाखवते सहा! कारण हॅशसेट आतून एकेक वस्तू टाकण्यासाठी पहिल्याच मेथडला बोलावतो, आणि ती तर आपण ओव्हरराइड केलेली. प्रत्येक वस्तू दोनदा मोजली गेली. पॅरेंट आतून कुणाला बोलावतो हे त्याने कधी सांगितलेलंच नव्हतं आणि आपण त्यावर इमारत बांधली. यावरचा उपायही साधा: सबक्लास करू नका, सेटला पोटात ठेवा आणि कामं त्याच्याकडे सोपवा.

१०. ॲरेची जुनी उधारी

जावात स्ट्रिंगचा ॲरे ऑब्जेक्टच्या ॲरेच्या जागी चालतो. ऐकायला रास्त वाटतं, कारण स्ट्रिंग हा ऑब्जेक्टच ना! मग त्या ऑब्जेक्टच्या ॲरेत एक आकडा ठेवा. कंपायलर मान डोलावतो आणि प्रोग्रॅम चालताना आपटतो: ॲरे-स्टोअर-एक्सेप्शन. वाचण्यापुरतं हे नातं खरं होतं, लिहायला गेल्यावर खोटं ठरलं. ही सूट का दिली? जावात जेनेरिक्स २००४ मध्ये आले. त्याआधी कुठलाही ॲरे स्वीकारणारी एकच सॉर्ट-मेथड लिहायची तर दुसरा मार्ग नव्हता. सी-शार्पनेही हीच रीत उचलली. जेनेरिक्स आले तेव्हा जावाने धडा घेतला: स्ट्रिंगची लिस्ट ऑब्जेक्टच्या लिस्टच्या जागी चालत नाही. नवशिके यावर वैतागतात, पण कंपायलर तिथे त्यांचीच बाजू सांभाळत असतो.

११. खरं अधिक खरं बरोबर दोन

पायथनमध्ये ट्रू अधिक ट्रू केलं की उत्तर येतं २. चूक नाही, ठरवून केलंय. २००३ मध्ये आलेल्या पायथन २.३ पासून बूल हा पूर्णांकाचा सबक्लास आहे. त्याआधी लोक खरं-खोटं यासाठी १ आणि ० वापरत होते. त्यांचा जुना कोड मोडू नये म्हणून नव्या प्रकाराने १ आणि ० च्या जागी निमूट बसायचं होतं. लिस्कोव्ह तत्त्वाचा हा किती व्यवहारी उपयोग! पण त्याची किंमतही आहे. डिक्शनरीत १ आणि ट्रू अशा दोन किल्ल्या घाला, उरते एकच. वयाच्या रकान्यात ट्रू आलं तरी 'पूर्णांक आहे का?' ही तपासणी पास होते. आणि ट्रूचे बिट उलटवले तर येतं उणे २, जे खरं-खोटं यात बसतच नाही. शेवटी पायथन ३.१२ ने या उलटवण्यावर इशारा द्यायला सुरुवात केली.

१२. 'हे जमणार नाही' म्हणायची परवानगी

जावातली न बदलणारी लिस्ट घ्या आणि तिच्यात काही भरायला जा. ती अनसपोर्टेड-ऑपरेशन-एक्सेप्शन फेकते. म्हणजे शब्द मोडला? नियमाने बघाल तर नाही. लिस्टच्या करारातच लिहिलंय की भरण्याची मेथड ऐच्छिक आहे. पॅरेंटने वचनच सैल दिलं. प्रत्येक शक्यतेसाठी वेगळा इंटरफेस केला तर त्यांची संख्या हाताबाहेर जाईल, असं कलेक्शन्सच्या रचनाकारांनी त्याचं कारण दिलंय. सी-शार्पच्या स्ट्रीमने एक पाऊल पुढे टाकलं: 'तुला मागेपुढे जाता येतं का, लिहिता येतं का,' हे आधी विचारायची सोय दिली. सैल वचन द्यायचंच असेल तर असं द्यावं. समोरच्याला आधीच विचारता आलं पाहिजे.

१३. आयफेलमध्ये करार भाषेतच कोरलेला

बर्ट्रांड मेयर यांची आयफेल भाषा १९८० च्या दशकातली. तिच्यात प्रत्येक मेथडबरोबर अटी आणि वचनं लिहिता येतात. सबक्लासमध्ये नवी अट लिहायची तर शब्द आहेत 'रिक्वायर एल्स', म्हणजे जुनी अट किंवा ही नवी. नवं वचन लिहायचं तर 'एन्शुअर देन', म्हणजे जुनं वचन आणि शिवाय हेही. अट फक्त सैल होते, वचन फक्त घट्ट होतं. उलटं लिहायला व्याकरणात जागाच नाही! तरीही एक फट राहिली. आयफेलने सबक्लासला मेथडच्या पॅरामीटरचा प्रकार अधिक अरुंद करायची मुभा दिली, म्हणजे मागल्या दाराने अट वाढवायचीच. विल्यम कुक यांनी १९८९ मध्ये त्यावर बोट ठेवलं. बाकी कंपायलर याहून कमीच पकडतात. जावा पब्लिक मेथड प्रायव्हेट करू देत नाही, जाहीर केलेल्या चेक्ड एक्सेप्शनपेक्षा रुंद एक्सेप्शन फेकू देत नाही. पण 'उंची बदलली तर रुंदी हलणार नाही' असल्या वागण्याच्या वचनांची खात्री दर वेळी आपोआप करून देणारा कंपायलर बनूच शकत नाही, हे गणितानेच ठरवलेलं आहे.

१४. चाळीस सेकंदांत संपलेलं उड्डाण

४ जून १९९६. एरियन-५ या युरोपियन अग्निबाणाचं पहिलं उड्डाण. उड्डाणाची प्रक्रिया सुरू झाल्यावर जेमतेम ४० सेकंदांत बाण वाट सोडून भरकटला आणि फुटला. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचा कोड एरियन-४ वरून जसाच्या तसा घेतला होता. त्यात ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती. अशा पूर्णांकात ३२,७६७ च्या वर आकडा मावत नाही. एरियन-४ च्या मार्गावर ही मर्यादा कधी ओलांडली जाणार नव्हती. एरियन-५ चा आडवा वेग जास्त, तिथे ती ओलांडली गेली. यात सबक्लास कुठेच नव्हता, पण दुखणं तेच. एकाच्या जागी दुसरं बसवलं आणि 'आकडा एवढ्याच्या आत हवा' ही अट कोडमध्ये करार म्हणून कुठेच लिहिलेली नव्हती. मेयर आणि जेझेकेल यांनी १९९७ मध्ये नेमका हाच धडा मांडला: करार नसेल तर कोडचा पुनर्वापर धोक्याचा. कोडमध्ये न लिहिलेली अट मोडली की नाही, हे तपासणार तरी कोण?

१५. काही भाषांनी दाराला कडीच घातली

कोटलिनमध्ये क्लास आपसूकच बंद असतो. सबक्लास हवा असेल तर लिहिणाऱ्याने 'ओपन' म्हणून स्वतः दार उघडायचं. २०२१ च्या जावा १७ मध्ये सील्ड क्लास आले, म्हणजे वारस कोण याची यादीच पॅरेंट जाहीर करतो. गो आणि रस्ट यांनी तर क्लासचं इनहेरिटन्स ठेवलंच नाही, इंटरफेस आणि ट्रेटवर भागवलं. पण शब्द पाळायची जबाबदारी तिथेही सुटत नाही. गोमधला रीडर असो की रस्टमधला तुलनेचा ट्रेट, कागदावर लिहिलेलं वागणं प्रत्येकाने पाळलंच पाहिजे, नाहीतर वापरणारा फसतो.

आता तुमच्या कोडकडे

एवढं वाचल्यावर उद्या करण्याजोगं काम एकच, आणि ते तासाभरात होतं. पॅरेंट क्लाससाठी लिहिलेल्या टेस्ट घ्या, एक अक्षर न बदलता, आणि प्रत्येक सबक्लासवर चालवा. आयताची टेस्ट चौरसावर चालवली असती तर ते १६ पहिल्याच मिनिटाला दिसलं असतं. जावाच्या ग्वावा लायब्ररीसोबत येणारा टेस्ट-संच हेच करतो: लिस्ट, सेट, मॅप यांच्या एकाच चाचण्या, नव्या क्लासने त्यात पास व्हायचं. टेस्ट लिहिताना 'हा क्लास वापरणाऱ्याला कशाचा भरवसा देतो' एवढंच विचारा आणि ते उत्तर कोडशेजारी दोन ओळींत लिहून ठेवा. टेस्ट पडली तर सबक्लासला ठोकून ठोकून बसवत राहू नका. नातं तोडा, त्या क्लासला पोटात घ्या किंवा दोघांसाठी बॅगसारखा खरा पॅरेंट शोधा. ज्याला दिलेला शब्द पाळता येत नाही, त्याला त्या घराण्याचं नाव लावायचं कारण नाही.